वाळवंटात चालणारी गेटची मोटार परभणीच्या उन्हात का थांबते?

पश्चिममुखी, परभणी

नमस्कार. वसमत रस्त्याच्या बाजूला आमचे घर आहे आणि घराचे तोंड थेट पश्चिमेला आहे. वडिलांचे वय आता ७४ असल्याने त्यांना स्कूटरवरून उतरून गेट ओढावे लागू नये, एवढ्याच हेतूने दोन वर्षांपूर्वी चौदा फुटी लोखंडी सरकत्या गेटला २३० व्होल्टवर चालणारी मोटार बसवून घेतली. पावसाळा आणि हिवाळा तिने विनातक्रार काढला. एप्रिल लागला की मात्र दुपारी तीनच्या सुमारास गेट निम्मे सरकून थांबते, मोटार थोडा वेळ नुसती हूं हूं करते आणि मग तीही गप्प होते. रात्री आठनंतर रिमोट दाबल्याबरोबर तेच गेट इतके सुरळीत सरकते, की दिवसा काही बिघडले होते हे सांगूनही कोणाला खरे वाटू नये. मिस्त्री संध्याकाळी येतात, त्यामुळे त्यांना दोष कधी दिसतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात मोटारीचा कपॅसिटर (तिला फिरायला जोर देणारा भाग) बदलला. यंदा मिस्त्रींनी मोटारीला वीज देणारा पूर्ण बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आहे. ज्यांच्याकडून मोटार घेतली त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी एकच वाक्य ऐकवले, "हीच मोटार जैसलमेरला चालते, दुबईला चालते, मग तुमच्या परभणीचे ऊन काय त्याहून जास्त आहे?" यावर मला तेव्हा उत्तर सुचले नाही आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही.

मागच्या आठवड्यात मुलीच्या शाळेतल्या प्रयोगासाठी आणलेला तापमापक मी मेन स्विच बंद करून मोटारीच्या पेटीत, बोर्डाला लागणार नाही अशा बेताने ठेवून दिला. त्या दिवशी बातम्यांत परभणीचे कमाल तापमान ४३ अंश सांगितले होते आणि साडेतीन वाजता झाकण काढले तेव्हा तापमापक ६४ अंश दाखवत होता. झाकण गडद करड्या रंगाचे आहे आणि दुपारी दीडपासून दिवस मावळेपर्यंत त्यावर ऊन असते. मोटारीवरच्या पट्टीवर उणे २० ते ५५ अंश असे छापलेले आहे.

दरम्यान वडिलांनी आपल्या पद्धतीने उपाय करून पाहिला आणि कूलरच्या जाळीवर टाकावे तसे ओले गोणपाट मोटारीच्या पेटीवर टाकले. ते मी ताबडतोब काढले. दुसऱ्या दिवशी गेट अडकल्यावर त्यांनी ते उघड्या हातांनी लोटले आणि तळहाताला चटका बसून फोड आला. त्यामुळे आता हा विषय केवळ सोयीचा राहिलेला नाही. वाळवंटातली उष्णता अशा यंत्राचे नेमके काय बिघडवते, त्यातले आपल्याकडे किती लागू पडते आणि माझ्या गेटचा दोष मोटारीत आहे की बोर्डात, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

परतलेला वायरमन, नांदेड

दादा, विक्रेत्याचे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. मी चौदा वर्षे कुवेतमध्ये इमारतींच्या देखभालीचे काम केले आणि गेटच्या मोटारी हा त्यातला रोजचा भाग होता. तिथे मोटारी चालतात हे खरे आहे. त्या किती वेळा उघडाव्या लागतात, त्यांच्यात दरवर्षी काय काय बदलावे लागते आणि त्यांच्या डोक्यावर काय बांधलेले असते, हे मात्र विकणारा सांगत नाही.

आधी आकड्यांचे पाहू. कुवेतमधील मित्रिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते पुढे तपासून मान्य केले. म्हणजे पट्टीवर लिहिलेल्या ५५ अंशांच्या हद्दीला तिथली नुसती हवाच टेकली. हवामान खात्याचा आकडा नेहमी सावलीतल्या, वारा खेळत्या हवेचा असतो. गेटची मोटार बसते तापलेल्या काँक्रीटपासून वीतभर उंचीवर, बंद पेटीत आणि उन्हात, शिवाय ती चालताना स्वतःची उष्णता त्यात भर घालते. तुमच्या पेटीतले ६४ अंश पाहून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही. सावली असलेल्या कुवेतमधल्या मोटारीपेक्षा सावली नसलेली परभणीची मोटार जास्त तापू शकते, हेच तुमच्या विक्रेत्यांना द्यायचे उत्तर आहे.

आता काय बिघडते ते सांगतो. लोकांना वाटते की उन्हाने मोटार जळते. प्रत्यक्षात तांब्याचे वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेटोळे, हा त्या पेटीतला सर्वांत चिवट भाग असतो आणि त्याच्या आजूबाजूचे लहानसहान भाग आधी मान टाकतात. ज्या मोटारी २४ व्होल्टच्या असून बॅटरीवरही चालतात, त्यांच्यात पहिला बळी बॅटरीचा जातो. शिसे-आम्लाच्या बंद बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने सांगितलेले असते आणि त्यावर दर ८ ते १० अंशांच्या वाढीला ते साधारण निम्मे होते. म्हणजे पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी सतत ४५ अंशांत राहिली तर सव्वा वर्षात संपते. त्यातच चार्जर जर तापमान पाहून व्होल्टेज उतरवणारा नसेल, तर गरम बॅटरी नको इतका विद्युतप्रवाह ओढत राहते, त्याने आणखी तापते आणि फुगते. एका बंगल्याच्या गेटची पेटी मी जुलैत उघडली, तेव्हा आतल्या दोन्ही बॅटऱ्या तळलेल्या पुरीसारख्या टम्म फुगून खोबणीत इतक्या घट्ट बसल्या होत्या, की शेवटी खोबणीची प्लास्टिकची भिंत कापून त्या बाहेर काढाव्या लागल्या. हाताला लागलेला त्यांचा तो गरम, मऊ पडलेला बाजूचा भाग मला अजून आठवतो. घरमालकाची तक्रार मात्र एवढीच होती, की गेट हल्ली जरा हळू चालते.

बॅटरीनंतर क्रम बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो आणि दहा अंश वाढले की आयुष्य निम्मे, असा सर्वसाधारण हिशेब त्यांनाही लावतात. ८५ अंशांचा आणि १०५ अंशांचा कपॅसिटर दिसायला जवळजवळ सारखाच असतो आणि किमतीतही फारसा फरक नसतो. तरी दुरुस्तीवाले हाताशी असेल तो लावून मोकळे होतात. दिवसाची काहिली आणि रात्रीचा गारवा यांच्या रोजच्या फेऱ्याने बोर्डावरची झाळ बारीक तडकते. असा बोर्ड तापल्यावर बंद पडतो आणि निवल्यावर चालतो, म्हणूनच मिस्त्रींना तुमच्या बोर्डाचा संशय आला असावा. त्यांना अगदीच चुकीचे ठरवता येणार नाही.

तिसरा शत्रू धूळ आहे, आणि वाळवंटात उष्णता व धूळ वेगळी करताच येत नाही. ग्रीसमधले तेल उष्णतेने सुटून वाहून जाते, मागे घट्ट राहते ते साबणासारखे द्रव्य, त्यात बारीक वाळू बसते आणि मोटारीच्या चाकाचे दात झिजवणारी पेस्ट तयार होते. ही चूक आपल्याकडचे लोक प्रेमाने करतात, गेटच्या रॅकला, म्हणजे गेटवरच्या दातेरी पट्टीला, भरभरून ग्रीस लावतात. रॅक कोरडाच ठेवायचा असतो आणि ब्रशने झाडायचा असतो. ग्रीसची जागा बंद गिअरपेटीत आहे. झाकणाचे प्लास्टिक उन्हातल्या अतिनील किरणांनी पांढुरके आणि ठिसूळ पडते, स्क्रूची भोके फाटतात, त्या फटीतून आधी फुफाटा आणि मग मुंग्या व पाली आत शिरतात. पाल बोर्डावर आडवी पडून मेलेली मी किमान चार वेळा तरी काढली असेल. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मोटारींचे दुखणे निराळे असते, तेल पातळ होऊन आतल्या आत निसटते आणि गेटाचा जोर कमी होतो. पण तो प्रकार तुमच्याकडे नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

तिथे यावर उपाय म्हणून काय करतात, तर फार मोठे काही नाही. पेटीवर थेट ऊन पडू न देणे हे पहिले. पत्र्याचे छोटे छप्पर पेटीपासून वीतभर उंच बांधतात, दोन्ही बाजू मोकळ्या ठेवतात आणि वरून पांढरा रंग देतात. पेटीला चिकटून पत्रा लावला तर तोच तवा होतो, हे ध्यानात ठेवा. हवा लागावी म्हणून पेटीला भोके तर मुळीच पाडू नका. दुसरे म्हणजे गेटाच्या वजनापेक्षा मोठ्या ताकदीची मोटार घेतात. तिसरे म्हणजे बॅटरी बिघडण्याची वाट न पाहता उन्हाळ्यापूर्वी बदलतात. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करण्यास तिथे बंदी असते, त्यामुळे आम्ही पहाटे निघत असू. माणसाला सुट्टी होती, मोटारीला नव्हती.

ओल्या गोणपाटाबद्दल वडिलांना माझ्या वतीने हात जोडून सांगा. २३० व्होल्टच्या पेटीवर पाणी नको. आणि गेटच्या लाइनला आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर इतर सर्व राहू द्या, ती आधी बसवून घ्या.

लातूरकर मास्तर

वरील प्रतिसाद अनुभवाचा आहे आणि त्यातील बॅटरीविषयीचा भाग प्रत्येकाने वाचावा असा आहे. प्रश्नकर्त्यांची मोटार मात्र बॅटरीवर चालणारी नाही, म्हणून त्यांच्या तक्रारीकडे स्वतंत्रपणे पाहायला हवे. मी तंत्रनिकेतनात विद्युतयंत्रे शिकवतो आणि मुलांना नेहमी सांगतो, की यंत्र उघडण्यापूर्वी तक्रारीचा क्रम नीट ऐका. इथे क्रम असा आहे: गेट सरकायला लागते, निम्म्यावर थांबते, मोटार हूं हूं करते, मग गप्प होते आणि काही तासांनी आपोआप चालते. बोर्ड बिघडला असता तर त्याने मोटारीला वीजच दिली नसती आणि हूं हूं ऐकू आले नसते. वीज पोहोचते आहे, मोटार जोर लावते आहे, परंतु तो जोर पुरत नाही. जागेवर अडकलेली मोटार नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते, वाइंडिंग भराभर तापते आणि त्यात बसवलेला थर्मल स्विच वीज तोडतो. तो निवल्यावर पुन्हा जुळतो. म्हणजे तुमच्या मोटारीतला रखवालदार चोख काम करतो आहे आणि आपण त्यालाच चोर ठरवत आहोत.

आता जोर का पुरत नाही ते पाहू. सर्वसाधारण मोटारीचे मानांकन भोवतालची हवा ४० अंश धरून केलेले असते. तुमच्या पेटीत ६४ अंश आहेत, म्हणजे वाइंडिंगला तापण्यासाठी ठेवलेल्या सवलतीतले २४ अंश मोटार सुरू होण्यापूर्वीच खर्च झाले. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशांच्या तुलनेत ७० अंशांवरचे वाइंडिंग जवळजवळ २० टक्के अधिक विरोध करते आणि तेवढ्याच प्रवाहाला अधिक तापते. पुढे स्विच तुटल्यावर निवायचे म्हटले तरी भोवताली ६४ अंशांचीच हवा. ते रात्री आठला चालू होते याचे कारण एवढेच.

परंतु माझा मुख्य संशय व्होल्टेजवर आहे. दुपारी घरोघरी कूलर आणि एसी चालू असतात, त्या वेळी आपल्याकडच्या कित्येक वस्त्यांत दिवे मंद होतात हे कोणाला सांगायला नको. तुमच्यासारख्या इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज २२ टक्क्यांनी घटले असे वाटते, जोर मात्र ३९ टक्क्यांनी घटतो. जैसलमेरच्या आणि परभणीच्या मोटारीत फरक शोधायचाच असेल, तर तो उन्हापेक्षा इथे सापडण्याची शक्यता मला अधिक वाटते.

त्यात मोटारीच्या कपॅसिटरची भर पडते. हा बोर्डावरच्या कपॅसिटरपेक्षा वेगळ्या जातीचा, पातळ फिल्मवर धातूचा मुलामा दिलेला असतो. त्यात बारीक ठिकाणी इन्सुलेशन फुटले की तिथला मुलामा जळून जातो आणि दोष आपोआप मिटतो. पण दर वेळी क्षमता किंचित घटते. उष्णतेत ही झीज वेगाने होते. गेल्या वर्षी बदललेला कपॅसिटर या वर्षी चांगलाच असेल असे गृहीत धरू नका, कारण ज्या भट्टीने पहिला खाल्ला तीच भट्टी अजून पेटलेली आहे.

तेव्हा बोर्डावर पैसे घालण्यापूर्वी दोन मापे घ्या. गेट अडकते त्याच वेळी, मोटारीच्या टर्मिनलवर, मोटार चालू असताना जाणकार माणसाकडून व्होल्टेज मोजून घ्या; घरातल्या सॉकेटवर मोजून उपयोग नाही. दुसरे, कपॅसिटर काढून, त्यात साठलेली वीज पूर्ण उतरवून, त्याची क्षमता मोजा आणि त्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. गेटपर्यंतची वायर जाड करा असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. दोन अँपिअरच्या मोटारीला एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत चाळीस मीटरवर साधारण ३ व्होल्ट पडतात. जमिनीखाली एखादा कुजका जोड नसेल, तर वायर बदलून फार काही हाती लागणार नाही.

पश्चिममुखी, परभणी

दोघांचे मनापासून आभार. मास्तर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रविवारी दुपारी साडेतीनला शेजारच्या वायरमन काकांना बोलावले. मोटार चालू असताना टर्मिनलवर १८७ व्होल्ट आले. कपॅसिटरवर १६ मायक्रोफॅरड छापले आहे आणि मोजल्यावर ११ भरले. एका वर्षात हे झाले यावर काकांचाही विश्वास बसेना, त्यांनी दोनदा मोजले.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. चावी फिरवून मोटार गेटपासून सोडवली आणि गेट हाताने, अर्थात फडके घेऊन, लोटून पाहिले, तेव्हा ते सुरुवातीला हलके जाते, मध्यावर तीन-चार फूट जड लागते आणि पुढे पुन्हा हलके होते. ही चावी असते आणि ती कशासाठी असते हे दोन वर्षांत आम्हाला कोणीच सांगितले नव्हते; ती पुस्तिकेच्या पाकिटात तशीच बंद पडून होती.

काळी माती, माजलगाव

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता आहे आणि मोटारीतले मला फारसे कळत नाही. परंतु "मध्यावर तीन-चार फूट जड लागते" हे वाचल्यावर राहवले नाही. दादा, तुमचा आजार अर्धा पेटीत आणि अर्धा जमिनीत आहे.

परभणी, बीड, नांदेडकडच्या खोल काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण लहानपणापासून पाहतो. घर बांधताना पायासाठी आपण मुरमापर्यंत खोल जातो. गेटच्या रुळाखाली मात्र नऊ इंची काँक्रीटची पट्टी काळ्या मातीवरच टाकली जाते, कारण ते काम सगळ्यात शेवटी, फॅब्रिकेशनवाल्यांच्या घाईत उरकलेले असते. उन्हाळ्यात त्या पट्टीखालची माती सुकून आक्रसते, आधार सुटतो आणि गेटचे वजन ज्या ठिकाणी रोज जास्त वेळ चाकांवरून जाते तिथे रूळ काही मिलिमीटर खाली बसतो. वाळवंटातल्या वाळूला हा फुगण्या-आक्रसण्याचा स्वभाव नसतो. म्हणून तिकडच्या अनुभवाची मोटार इथे आणली तरी तिकडची जमीन इथे येत नाही.

रूळ बसल्याने नुसता चढ तयार होतो असे नाही. गेटला लावलेला रॅक आणि मोटारीचे दातेरी चाक यांच्यात एक ते दोन मिलिमीटर फट ठेवायची असते, आणि ती यासाठीच असते की गेटचे वजन दातेरी चाकावर येऊ नये. गेट तीन मिलिमीटर खाली बसले की ती फट संपते, रॅक चाकावर टेकतो आणि चारशे-पाचशे किलोच्या गेटचा भार मोटारीच्या दांड्यावर येतो. मग ती हूं हूं करील नाही तर काय करील? तपासायला सोपे आहे. गेट जिथे जड लागते तिथे थांबवा आणि लग्नपत्रिकेचा जाड कागद रॅक व चाकाच्या मध्ये सरकवून पाहा. तो सरकला नाही तर फट संपली आहे. हीच तपासणी सकाळी सहाला आणि दुपारी साडेतीनला, दोन्ही वेळा करा. जड जागेला खडूने खूण करा. दोन्ही वेळेला खूण एकाच ठिकाणी आली तर दोष रुळाचा आहे. फक्त दुपारीच जड लागत असेल तर लोखंडाच्या प्रसरणाचा विचार करावा लागेल.

प्रसरणाचा मुद्दा आलाच आहे तर तोही सांगते, कारण त्याला लोक उगाच मोठे करतात. चौदा फुटी लोखंडी गेट पहाटेच्या १५ अंशांवरून दुपारच्या ६५ अंशांपर्यंत तापले तर लांबीत अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढते. एवढ्याने गेट अडकत नाही. मात्र शेवटचा स्टॉपर आणि लिमिट स्विच (गेट टोकाला पोहोचले की मोटार थांबवणारा) हिवाळ्यात अगदी काटेकोर जुळवलेले असतील, तर उन्हाळ्यात गेट आधी स्टॉपरला धडकते आणि मोटारीला वाटते की काहीतरी आडवे आले. त्यासाठी तिथे बोटभर जागा सोडली की झाले. रॅक नायलॉनचा असेल तर तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त वाढतो, म्हणून दोन तुकड्यांच्या सांध्यावर दात नीट जुळतात का हे उन्हाळ्यात एकदा पाहावे.

बऱ्याच जणांना संध्याकाळी गेट उघडते पण बंद होत नाही, अशी तक्रार असते. तिथे खांबावरच्या, वाटेत काही आडवे आले का ते पाहणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यात मावळतीचे ऊन थेट शिरते आणि त्याला समोरच्या जोडीदाराचा अदृश्य किरण दिसेनासा होतो. घेणारा आणि देणारा यांची अदलाबदल केली की काम भागते. तुमचे गेट पश्चिममुखी असल्याने किरण दक्षिणोत्तर जातो, त्यामुळे तो त्रास तुम्हाला होण्याचे कारण नाही. ज्यांची गेटे उत्तर-दक्षिण तोंडाची आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे.

रुळासाठी तात्पुरता उपाय म्हणजे बसलेल्या भागाखाली पोलादी पट्ट्या सरकवून रूळ समपातळीत आणणे. कायमचा उपाय म्हणजे काँक्रीटची पट्टी उकरून, काळी माती काढून, मुरूम भरून व ठोकून नव्याने काँक्रीट करणे. नवे घर बांधणाऱ्यांनी तर गेटचे खांब आणि रूळ यांचा विचार घराच्या पायाबरोबरच करावा. फुगणाऱ्या मातीसाठी खाली कंद असलेल्या खांबांची, म्हणजे अंडर-रीम्ड पाइलची पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने कधीच विकसित करून ठेवलेली आहे. आपण ती बंगल्याला वापरतो आणि गेटला विसरतो.

बाडमेरातला उदगीरकर

बँकेच्या नोकरीनिमित्त तीन वर्षे बाडमेरला आहे, म्हणून जैसलमेरचे नाव निघाल्यावर दोन शब्द लिहितो. आमच्या या भागाच्या वरच्या अंगाला फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले होते, त्यामुळे इथल्या उन्हाविषयी शंका नको. पण मी ज्या वसाहतीत राहतो तिथली सरकती गेटे उन्हाळ्यात दुपारी चालवतच नाहीत. रखवालदार साडेअकराला गेट उघडे करून ठेवतो, खुर्ची घेऊन सावलीत बसतो आणि पाचनंतर ते लावून घेतो. आंधी आली की रुळात वाळू भरते, ती खराट्याने काढल्याशिवाय गेट हलत नाही, म्हणून नव्या घरांना लोक दोन पाखांची गेटे पसंत करू लागले आहेत. "जैसलमेरला चालते" या वाक्यात हा रखवालदारही धरलेला असतो, एवढेच.

पश्चिममुखी, परभणी

उशिरा लिहितो आहे, कारण काम पूर्ण झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. ताई, कागद सरकला नाही. पहाटेही नाही आणि दुपारीही नाही, आणि खडूच्या दोन्ही खुणा एकमेकींवर पडल्या. फॅब्रिकेशनवाल्यांनी लेव्हलची नळी लावून पाहिले तर मध्यावर रूळ ५ मिलिमीटर बसलेला निघाला. सध्या पट्ट्या घालून तो वर घेतला आहे आणि रॅकची फट पुन्हा जुळवली आहे. रॅकवरचे काळे, रवाळ झालेले ग्रीस खरवडून काढले, ते पाव किलोच्या आसपास भरले असेल. वायरमन दादांनी सांगितलेली पेस्ट म्हणजे काय ते बोटांना कळले.

पेटीवर वीतभर अंतर सोडून पत्र्याचे छप्पर बसवले, त्याला आणि झाकणाला पांढरा रंग दिला. नवा कपॅसिटर बसवला आणि आरसीसीबीही बसवून घेतली. स्टॅबिलायझरचे अजून ठरत नाही. बोर्ड जुनाच आहे. या सगळ्याचा खर्च नव्या बोर्डाच्या सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापेक्षा कमी आला. परवा, ४३ अंशांच्याच दुपारी, पेटीतल्या तापमापकाने ५१ अंश दाखवले. पंधरा दिवसांत गेट एकदाच थांबले, त्या दिवशी शेजारी लग्न होते आणि व्होल्टेज १७० पर्यंत उतरले होते. चावी आता दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे आणि वडिलांनी ती त्या दिवशी स्वतःच फिरवली, हातात फडके घेऊन.

एक शंका उरली आहे. पावसाळ्यात माती फुगून काँक्रीटची पट्टी पुन्हा वर उचलली गेली, तर आता घातलेल्या पोलादी पट्ट्यांमुळे रूळ उलट उंच होणार नाही का? मुरमाचे काम मृगाआधी उरकून घ्यावे की थांबावे?

काळी माती, माजलगाव

शंका रास्त आहे, रूळ उंच होऊ शकतो. मृगाआधीची घाई करू नका, कारण आत्ता माती पूर्ण आक्रसलेली आहे आणि भेगांमध्ये पहिले पाणी शिरले की ती भराभर फुगेल. पावसाळाभर महिन्यातून एकदा तोच लग्नपत्रिकेचा कागद सरकवून पाहा आणि फट वाढली तर एकेक पोलादी पट्टी काढत चला. दसऱ्याच्या सुमारास माती ना फार ओली ना फार कोरडी असते, तेव्हा उकरायला घ्या. घराचे पावसाचे पाणी रुळाजवळ सोडलेले असेल तर तो पाइप मात्र आजच दुसरीकडे वळवा.